काचेवरची नाममुद्रा : डेल चिहुली यांची काचशिल्पे आणि कर्तृत्वाचा प्रश्न

कलाकृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न मराठी समीक्षेत विचारला गेला तो मुख्यतः साहित्यकृतीच्या संदर्भात. रोलाँ बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा १९६७ चा निबंध आणि मिशेल फुको यांचे १९६९ चे लेखकत्वावरील व्याख्यान यांचा परिचय झाल्यानंतर तो अधिक तीव्रतेने विचारला जाऊ लागला. तथापि या चर्चेला एक मर्यादा राहिली. कवितेच्या बाबतीत लिहिणारा हात कोणाचा, याविषयी सहसा शंका नसते. वाद असतो तो अर्थाच्या मालकीविषयी. ज्या कलांत कल्पना एकाची आणि हात दुसऱ्यांचे असतात, तेथे या प्रश्नाचे स्वरूप अधिक मूर्त आणि म्हणूनच अधिक अडचणीचे होते. अमेरिकन काचशिल्पकार डेल चिहुली (जन्म १९४१) यांची कारकीर्द या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. १९७९ नंतर चिहुली यांनी स्वतः फुंकनळी हाताळण्याचे सोडून दिले. आणि ज्या कृतींवर त्यांची जागतिक कीर्ती उभी आहे त्यांपैकी बहुतेक त्यानंतर निर्माण झालेल्या आहेत.

या विधानाचा अर्थ नीट लागायचा तर काच या माध्यमाचा स्वभाव आधी ध्यानात घ्यावा लागतो. सिलिकायुक्त वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण भट्टीत वितळवून तयार होणाऱ्या काचेला बर्फासारखा निश्चित वितळणबिंदू नसतो. ती एकाएकी घट्ट होत नाही की एकाएकी पातळ होत नाही. सुमारे अकराशे अंश सेल्सियसच्या आसपास ती दाट मधासारखी वाहते आणि उष्णता कमी होत जाईल तसतशी जड, हट्टी होत जाते. लोखंडी नळीच्या टोकावर घेतलेला हा गोळा सतत फिरवत ठेवावा लागतो; फिरवणे थांबले की तो आपल्याच वजनाने खाली लोंबू लागतो. फुंकणे, पुन्हा तापवणे, ओल्या लाकडाच्या साच्याने अथवा ओल्या कागदाच्या घडीने आकार देणे, कडा उघडणे हे सारे मिनिटांच्या हिशोबात घडते. शेवटी वस्तू नळीपासून सोडवून दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवावी लागते व तासन्‌तास सावकाश निववावी लागते. अन्यथा आतला ताण तिला तडकवतो. पाषाणाचा शिल्पकार छिन्नी खाली ठेवून रात्रभर विचार करू शकतो. काचेच्या कारागिराला ती सवलत नाही. मोठ्या आकाराची वस्तू एकट्याने करणे तर जवळजवळ अशक्यच. एक जण नळी फिरवतो, दुसरा फुंकतो, तिसरा भट्टीचे दार सांभाळतो, चौथा रंगाचा गोळा घेऊन येतो, आणि या सर्वांवर 'गॅफर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुख्य कारागिराची नजर असते.

असे असूनही, ज्या चळवळीतून चिहुली पुढे आले तिचा पाया मात्र एकट्या कलावंताच्या आदर्शावर रचलेला होता. १९६२ साली ओहायो राज्यातील टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटल्टन यांनी दोन कार्यशाळा भरवल्या. डॉमिनिक लॅबिनो या काचतंत्रज्ञाच्या साहाय्याने लहानशी भट्टी उभारून त्यांनी दाखवून दिले की, काच कारखान्याबाहेर, कलावंताच्या स्वतःच्या कार्यशाळेतही घडवता येते. 'स्टुडिओ ग्लास' या नावाने ओळखल्या गेलेल्या चळवळीची ही सुरुवात. कारखान्यात आरेखन करणारा वेगळा आणि घडवणारा वेगळा. कार्यशाळेत मात्र दोघे एकच, अशी तिची भूमिका होती. कॉलिंगवूड यांनी 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) मध्ये कारागिरी आणि कला यांत जो भेद केला, त्याच्याशी या भूमिकेचे नाते सहज जुळते. कारागिरीत योजना आधी आणि अंमलबजावणी नंतर. कलेत मात्र काय व्यक्त करायचे आहे ते व्यक्त करतानाच कळते. लिटल्टन यांची चळवळ काचेला कारागिरीतून कलेत नेऊ पाहत होती, ती याच अर्थाने.

चिहुली हे लिटल्टन यांचेच विद्यार्थी. वॉशिंग्टन विद्यापीठात गृहसजावटीचे शिक्षण घेत असताना विणलेल्या वस्त्रात काचेचे तुकडे गुंफण्याचे प्रयोग त्यांनी केले होते. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात लिटल्टन यांच्या हाताखाली ते शिकले. १९६८ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील वेनिनी कारखान्यात गेले, आणि तेथे त्यांनी पाहिले ते गुरूच्या शिकवणुकीच्या नेमके विरुद्ध होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य अंगी मुरलेले कारागीर एका गटात, फारसे न बोलता, एकच वस्तू घडवीत होते. परतल्यावर ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये त्यांनी काचविभाग उभारला आणि १९७१ मध्ये अ‍ॅन व जॉन हॉबर्ग यांच्या साहाय्याने वॉशिंग्टन राज्यात पिलचक ही काचशाळा स्थापन केली. मुरानोतील सामूहिक पद्धत अमेरिकेत रुजली ती प्रामुख्याने या दोन ठिकाणांहून.

येथे चरित्रात्मक समीक्षेने पसरवलेला एक समज तपासला पाहिजे. १९७६ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात चिहुली यांचा डावा डोळा निकामी झाला. १९७९ मध्ये समुद्राच्या लाटांवर पोहताना खांदा निखळला. त्यामुळे त्यांना नळी दुसऱ्यांच्या हाती द्यावी लागली, असे सांगितले जाते. घटना खऱ्या आहेत. परंतु त्यांतून निघणारा कार्यकारणभाव अपुरा आहे. १९७१ च्या सुमारास जेम्स कार्पेंटर यांच्यासमवेत केलेल्या काच, बर्फ आणि निऑन यांच्या रचना संयुक्तच होत्या. १९७५ च्या 'नाव्हाहो ब्लँकेट सिलिंडर्स' या मालिकेत काचेच्या बारीक धाग्यांची नक्षी सपाट पत्र्यावर मांडून तिच्यावरून तप्त दंडगोल फिरवला जाई, आणि ती नक्षी जुळवण्यात केट एलियट व फ्लोरा मेस यांचा वाटा होता. त्याच वर्षीची जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'शी निगडित दंडगोलांची मालिका सीव्हर लेस्ली आणि फ्लोरा मेस यांच्याबरोबर झाली. म्हणजे अपघातापूर्वीच हात अनेक झाले होते. अपघाताने चिहुली यांना सहकार्याकडे नेले नाही. सहकार्याला एक सांगण्याजोगी कथा मिळवून दिली. डोळ्यावरची काळी पट्टी ही त्या कथेची सर्वांत ठळक खूण ठरली. कलावंताच्या दुखापतीत कलेचे रहस्य शोधण्याची ही सवय मराठी वाचकाला अपरिचित नाही.

चिहुली यांच्या निर्मितीतील खरा वळणबिंदू शोधायचा तर तो १९७७ च्या 'बास्केट्स' या मालिकेत सापडतो. टॅकोमा या त्यांच्या जन्मगावी वॉशिंग्टन स्टेट हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात वायव्य किनाऱ्यावरील आदिवासींनी विणलेल्या टोपल्या त्यांनी पाहिल्या. एकीवर एक रचलेल्या, वर्षानुवर्षांच्या वजनाने बसलेल्या, कडा कलंडलेल्या अशा त्या टोपल्या होत्या. त्यांचे वेधक वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा बिघडलेला आकार. तो काचेत आणायचा तर नक्कल करून भागणार नव्हते. चिहुली यांनी काचेची भिंत अतिशय पातळ ठेवली, आणि तापलेली वस्तू उष्णता व गुरुत्वाकर्षण यांच्या स्वाधीन केली. कारागिराचे पारंपरिक कौशल्य काच लोंबू नये म्हणून राबते. येथे लोंबणे हीच रचना झाली. मोठ्या टोपलीच्या पोटात लहान टोपल्या ठेवल्यामुळे एका वाकण्याला दुसरे वाकणे उत्तर देते. पिवळट तपकिरी, मातकट रंग काचेच्या झगमगाटाला आवर घालतात. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद, विरोध आणि समतोल यांची लय येथे संवेदनांच्या पातळीवर प्रत्यक्ष घडलेली दिसते; फरक इतकाच की, त्या लयीचा एक भाग कोणीही 'रचलेला' नाही. तो घडू दिलेला आहे.

हा 'घडू देण्या'चा गुण १९८० च्या 'सीफॉर्म्स'मध्ये टिकून राहतो. कंगोऱ्यांच्या साच्यात फुंकल्यामुळे पातळ भिंतीला बळ मिळते, आणि त्या बळामुळेच तिला अधिक पातळ, अधिक लवचिक होता येते. १९८१ पासूनच्या 'माकिया' मालिकेत तर कार्यशाळेतील तीनशे रंग वापरून पाहण्याचा संकल्प होता. आतला रंग व बाहेरचा रंग यांच्यामध्ये पांढऱ्या काचेचा थर दिल्यामुळे दोन्ही रंग एकमेकांत न मिसळता स्वतंत्र राहतात. इतके रंग एकत्र आल्यावर भडकपणाचा धोका उघड आहे, आणि काही नग त्याला बळीही पडले आहेत. परंतु जेथे कडेची दुमड आतला रंग अर्धवटच दाखवते, तेथे पाहणाऱ्याला वस्तूभोवती फिरावे लागते. रंग एका दृष्टिक्षेपात हाती लागत नाही.

आता कॉलिंगवूड यांच्या भेदाकडे परत येता येते. नळी हाती नसल्यावर चिहुली गटाशी बोलू लागले ते चित्रांतून. कागद जमिनीवर पसरून, रंगाच्या बाटल्या थेट पिळून, झाडूसारख्या जाड कुंचल्याने काढलेली ही चित्रे म्हणजे मोजमापांसहित आराखडे नव्हेत. त्यांत मापे नाहीत, काटकोन नाहीत. आहे तो केवळ आवेग. तेव्हा 'योजना आधी, अंमलबजावणी नंतर' हे कारागिरीचे लक्षण येथे पूर्णतः लागू पडत नाही, कारण योजनाच अपुरी आहे. ती पुरी होते ती भट्टीसमोर. क्रोचे यांच्या मताने कलाकृती मनातच पूर्ण झालेली असते आणि बाह्य आविष्कार दुय्यम असतो. चिहुली यांच्या कार्यशाळेत हे मत टिकणे कठीण आहे. १९८८ च्या 'व्हेनेशियन्स' या मालिकेत लिनो ताल्यापिएत्रा हे मुरानोचे श्रेष्ठ कारागीर गॅफर होते. त्या पात्रांवरील पाने, वेटोळी, शिंगे यांचा उन्माद चित्रातून आला असेल. पण तप्त काचेचा तो तंतू नेमक्या क्षणी नेमका वळवणारे ज्ञान ताल्यापिएत्रांच्या मनगटात होते. दुसऱ्या कोणाच्या हातून ती वस्तू तशी झाली नसती.

या नात्याचे वर्णन करण्यासाठी पाश्चात्त्य लेखन बहुधा वाद्यवृंदाचा संचालक किंवा चित्रपटदिग्दर्शक यांची उपमा वापरते. त्यापेक्षा नाट्यसमीक्षेतील संहिता आणि प्रयोग हा भेद अधिक उपयोगी ठरेल. चिहुली यांचे चित्र ही संहिता. भट्टीसमोरचे काम हा प्रयोग. मात्र ही तुलना जेथे तुटते तेथेच ती बोधक आहे. नाटकाचा प्रयोग संपतो, संहिता उरते. काचेत प्रयोगच गोठून कायमचा उरतो. शिवाय नाटकाच्या जाहिरातीत नटाचे नाव असते. काचशिल्पाखालील पाटीवर बहुधा एकच नाव असते.

ते एक नाव काय करते, हे समजण्यासाठी मराठी संतवाङ्मयातील नाममुद्रेचा विचार साहाय्यक होतो. 'नामा' या मुद्रेने शेवट होणारे सर्व अभंग एकाच नामदेवांचे नाहीत, हे संशोधकांनी फार पूर्वीच दाखवले आहे. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्याचा प्रश्न सर्वपरिचित आहे. तेथे नाव ही व्यक्तीची सही राहत नाही. ती एका परंपरेची, एका स्वराची खूण होते, आणि नंतरचा कवी आपले नाव त्या स्वरात विसर्जित करतो. 'चिहुली' हे नावही आज असेच एका शैलीचे, वळवळत्या काचेच्या एका ओळखीचे नाव झाले आहे. पण साम्य येथेच संपते. अभंगकर्त्याचे विसर्जन भक्तीतून येते आणि त्या नावाला बाजारभाव नसतो. कार्यशाळेतील कारागिराचे विसर्जन वेतनाच्या करारातून येते, आणि त्या नावावरच वस्तूची किंमत ठरते. फुको यांनी लेखकनामाच्या कार्याविषयी जे प्रतिपादन केले आहे त्याचा प्रत्यय ग्रंथालयापेक्षा अशा कार्यशाळेत अधिक ठसठशीतपणे येतो. बार्थ यांच्या निबंधाने लेखक मेला असेल. शिल्पकार मात्र हात काढून घेतल्यानंतर अधिकच जिवंत झाला.

यावर असे म्हटले जाईल की, सामूहिक कलेत हे अटळच आहे. ते तसे नाही, याचा दाखला काचशिल्पाच्याच इतिहासात मिळतो. चेकोस्लोव्हाकियातील स्तानिस्लाव लिबेन्स्की (१९२१-२००२) आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा (१९२४-२०२०) या दांपत्याने झेलेझनी ब्रोद येथे साच्यात ओतलेल्या काचेची महाकाय शिल्पे घडवली. चित्र लिबेन्स्की यांचे, त्याला घनरूप देणे प्रामुख्याने ब्रिख्तोवा यांचे, अशी त्यांची श्रमविभागणी होती. कागदावरची सपाट कल्पना काचेत उतरवताना जाडी किती ठेवायची, म्हणजे प्रकाश कोठे अडेल आणि कोठे पाझरेल, हा निर्णय अंमलबजावणीचा नसून निर्मितीचाच आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांच्या संयुक्त कृतींवर दोघांचीही नावे आहेत. चिहुली १९६९ साली या दोघांना प्रत्यक्ष भेटले होते, आणि त्यांच्याविषयी त्यांना आदरही होता. मुरानोची पद्धत त्यांनी घेतली. झेलेझनी ब्रोदची घेतली नाही. सहकाऱ्यांचा उल्लेख चिहुली मुलाखतींतून व ग्रंथांतून मोकळेपणाने करतात, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण ग्रंथातील कृतज्ञता आणि कृतीवरील नाव यांत अंतर आहे.

नव्वदच्या दशकापासून चिहुली यांच्या कामाचा आकार वाढत गेला. १९९१ च्या 'नीजिमा फ्लोट्स'मधील गोलांचा व्यास चाळीस इंचांपर्यंत गेला. १९९२ पासून 'शँडेलियर्स' आली. त्यांत शेकडो सुटे भाग एका पोलादी सांगाड्यावर अडकवले जातात. १९९५-९६ च्या 'चिहुली ओव्हर व्हेनिस' या उपक्रमात फिनलंड, आयर्लंड, मेक्सिको येथील कारखान्यांत स्थानिक कारागिरांसह काच फुंकली गेली आणि शेवटी व्हेनिसच्या कालव्यांवर व चौकांत चौदा झुंबरे टांगली गेली. या उपक्रमातील सर्वांत जिवंत घटना व्हेनिसमध्ये घडलीच नाही. फिनलंडमधील नुताजर्वी येथे चिहुली यांनी तयार नग नदीत फेकून पाहिले. ते तरंगत गेले, आणि गावातील मुलांनी लाकडी होड्यांतून जाऊन ते गोळा केले. काचेने भरलेल्या त्या होड्या पाहून पुढे 'बोट्स' या रचना सुचल्या. टोपल्यांच्या वेळी जे गुरुत्वाकर्षणाने केले ते येथे पाण्याने आणि मुलांनी केले. योजनेत नसलेले काही कृतीत शिरले.

लास व्हेगास येथील बेलाजिओ हॉटेलच्या छताखाली १९९८ साली बसवलेल्या 'फिओरी दि कोमो' या रचनेत असे काही शिरत नाही. सुमारे दोन हजार काचफुले, वीस टनांच्या आसपास काच. प्रत्येक फूल हाताने फुंकलेले आहे, वाकलेले आहे, एकही दुसऱ्यासारखे नाही. पण दोन हजार वेगळेपणे एकत्र आली की त्यांची सरासरी होते. टोपलीचा एक कलंडलेला काठ डोळ्याला थांबवतो. येथे कोणत्याही एका काठाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. काच सांगाड्यावर टांगलेली असल्यामुळे तिचे वजनही तिच्या आकारात बोलत नाही, ते पोलादाने उचललेले असते. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयातील प्रदर्शनाच्या वेळी केनेथ बेकर यांच्यासारख्या समीक्षकांनी चिहुली यांच्या कामाला गंभीर कलेच्या कोटीत स्थान नाकारले. तो नकार सरसकट असल्याने अन्यायकारक आहे. 'बास्केट्स' त्यात भरडल्या जातात. आणि लोकप्रियता हा काही कलेविरुद्धचा पुरावा नव्हे. १९९९-२००० मध्ये जेरुसलेमच्या टॉवर ऑफ डेव्हिडमधील प्रदर्शनाला दहा लाखांहून अधिक लोक आले, म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. उलट तेथे अलास्कातून आणून उभारलेली बर्फाची भिंत पाहता पाहता वितळून गेली, आणि चिहुली यांच्या सुरुवातीच्या बर्फरचनांतील धाडस क्षणभर परतले. उणीव आहे ती माध्यमाचा प्रतिकार जेथे संपतो तेथे. हात कोणाचा हा प्रश्न त्या ठिकाणी महत्त्वाचा होतो, कारण प्रतिकार उरला नाही की हात केवळ पुरवठा करू लागतो.

कर्तृत्वाचा हा प्रश्न अखेर न्यायालयातही गेला. २००५ साली चिहुली यांनी पूर्वीचा एक सहकारी आणि एक व्यावसायिक यांच्यावर आपल्या आकारांची नक्कल केल्याचा दावा सिअ‍ॅटलच्या संघीय न्यायालयात लावला. २००६ मध्ये तो समझोत्याने मिटला. याच्या दोनच वर्षे आधी, २००३ मध्ये, त्याच विभागाच्या अपील न्यायालयाने सटावा विरुद्ध लाउरी या खटल्यात स्पष्ट केले होते की, पारदर्शक काचेत जेलीफिश दाखवणे ही निसर्गातून व काचेच्या स्वभावातून आलेली कल्पना असून तिच्यावर कोणा एकाची मालकी सांगता येत नाही. चिहुली यांच्या बाबतीत ही अडचण दुहेरी होते. ज्या आकारांचे सौंदर्य काचेला तिच्या कलाने जाऊ दिल्यामुळे आले, त्या आकारांवर मालकी सांगायची तर आधी 'घडू देण्या'चा दावा मागे घ्यावा लागतो. आणि दुसऱ्याच्या हातांनी घडलेली वस्तू आपली, पण त्याच हातांनी पुढे स्वतंत्रपणे घडवलेली वस्तूही आपल्याच आकाराची, असे म्हणताना त्या हातांना स्मरणशक्ती नाही असे गृहीत धरावे लागते. कारागिराचे शिक्षण हातात साठते. नोकरी सोडताना ते कार्यशाळेत ठेवून जाता येत नाही. २०१७ मध्ये चित्रांनाही हा वाद येऊन भिडला. रंगचित्रांत आपला सहभाग असल्याचा एका व्यक्तीचा दावा न्यायालयाने २०१९ साली अमान्य केला. दाव्याचा निकाल काहीही लागला असता, तरी चित्र हे चिहुली यांच्या स्वतःच्या हाताचे एकमेव उरलेले स्थान आहे, ही समीक्षेची सोयीची समजूत त्यामुळे निदान प्रश्नांकित झाली.

टॅकोमा येथे २००२ साली काचसंग्रहालय उघडले. त्याच्या तिरप्या शंकूखाली प्रेक्षकांसाठी पायऱ्यांची बैठक असलेली भट्टी आहे. तेथे कारागीर सर्वांच्या देखत काम करतात. या संग्रहालयापासून चिहुली यांच्या शेकडो काचवस्तूंनी सजवलेला पाचशे फूट लांबीचा 'ब्रिज ऑफ ग्लास' रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडून शहराकडे जातो. त्याच्या दुसऱ्या टोकाशी वॉशिंग्टन स्टेट हिस्टॉरिकल सोसायटीचे इतिहाससंग्रहालय आहे. १९७७ मध्ये चिहुली यांनी त्या कलंडलेल्या टोपल्या पाहिल्या त्या याच संस्थेच्या संग्रहात. मालिकेच्या नावात टोपली आहे. ती विणणारीचे नाव नाही.